नवामा जुनं चालस का?

रविवार, २ नोव्हेंबर

आज व्हिडिओ टाकला. विषय नेहमीचाच, टीव्हीला जोडून गेम खेळायचा नवा कन्सोल कधी येणार. फेब्रुवारीपासून या एका विषयावर इतकं बोललोय की आधी काय म्हणालो होतो ते माझं मलाच आठवत नाही. आज म्हणालो, सत्तावीसच्या दिवाळीला. मागे बहुतेक अठ्ठावीस म्हणालो होतो. कोण तपासतंय? 'खान्देशी कन्सोलवाला' बघणारी माणसं शंभराच्या आसपास. त्यातली निम्मी शहाद्याच्या ज्या कॉलेजच्या ऑफिसात मी नोकरीला आहे तिथली, तीही मी हात धुऊन मागे लागलो म्हणून.

आमचं हे जग म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. यंत्राचा अजून पत्ता नाही आणि इकडे भांडणं सुरू. कोणी म्हणतं डिस्क नसेल, कोणी म्हणतं किंमत ऐकून घाम फुटेल. तिकडे परदेशात कोणाच्या तरी मेहुण्याने काहीतरी ऐकलेलं असतं. ते मी इंग्रजीत वाचतो आणि इथे तापीकाठी बसून अहिराणीत सांगतो, "राम राम मंडई, पक्की खबर शे!" पक्की कसली, डोंबलाची. माझा स्वतःचा कन्सोल आहे चौथ्या पिढीतला. पाचवा येऊन पाच वर्षं झाली, तो मी घेतला नाही, आणि सहाव्याची खबर देतोय.

व्हिडिओ संपला की खोली एकदम शांत होते. मग फक्त कन्सोलच्या पंख्याची घरघर. बोलून तोंड दुखलेलं असतं आणि दिवसभरात कोणाशी बोललो म्हणाल तर कोणाशीच नाही.

घरात मी आणि आप्पा. बहीण शीला बारडोलीला, तिच्या सासरी. माय जानेवारीत गेली.

आप्पांशी माझं भांडण नाही. भांडायला आधी बोलावं लागतं. आमच्या घरात बाप-लेक कधी थेट बोललेच नाहीत, सगळं मायमार्फत. आप्पा ओट्यावरून म्हणायचे, "आयकस का वं, तुन्हा आंडोरले सांग, मोटर बंद कर म्हना." हा आंडोर, म्हणजे मी, त्यांच्यापासून तीन हातांवर बसलेला. माय चुलीपाशून विचारायची, "आयकं का रे?" मी म्हणायचो, "आप्पाले सांग, करी दिनी." गावात पुष्कळ घरांत असंच. बापाशी तोंडाला तोंड देऊन बोलला की तो पोरगा उद्धट. आता मधलं माणूसच उठून गेलं. आप्पा जेवतात, ताट सरकवतात. मी जेवतो, ताट सरकवतो. संपलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

व्हिडिओला एक कमेंट आली. एकच. अर्थात रेवजीची.

"नवामा जुनं चालस का?"

हा 'रेवजी तोरणमाळ' नावाचा प्राणी पहिल्या व्हिडिओपासून आहे. मी चिपबद्दल बोलू दे की किमतीबद्दल, याचा प्रश्न ठरलेला. नव्या यंत्रात जुने खेळ चालतील का? मी आत्तापर्यंत चारदा तरी उत्तर दिलंय की बाबा रे, चालतील असं म्हणतात, पण कोणी लिहून दिलेलं नाही. तरी पुढच्या व्हिडिओखाली पुन्हा तेच.

तोरणमाळहून रेवजी नावाचा एक म्हातारा दरवर्षी चारोळी नि मध घेऊन आमच्या दारी यायचा. माय त्याला चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही. हा त्याचा नातूबितू असेल. वर डोंगरावर रेंज कुठे मिळणार, कुठल्या तरी टेकाडावर चढून बिचारा माझे व्हिडिओ बघत असेल. त्याच्याशी घरात कोणी बोलत नसेल. नाहीतर माझ्यासारख्याला कोण कशाला विचारेल?

रविवार, ९ नोव्हेंबर

आज रेवजीची वेगळी कमेंट. "आवाजमा घरघर येस. मशीनमा धूळ व्हई. पुशी टाक."

म्हटलं, वा रे शहाणा! मला शिकवतो. पण गोष्ट खरी होती. आज पुसतो, उद्या पुसतो करत राहिलो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

गंमतच आहे. संध्याकाळी आलो तर कन्सोल लख्ख पुसलेला. फटींतली धूळसुद्धा काढलेली. भांडी घासायला फुलीबाई येतात, त्यांचं काम असणार. मी म्हणालो, "फुलीबाई, त्या डब्याला पाणी नका हं लावू." त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "मी कसाले हात लावू? आप्पा दुपारना घरच ऱ्हातस आतेशी."

त्यांनी हात नाही लावला तर काय भुताने लावला? आणि आप्पा दुपारी घरी राहतात तर राहोत. सत्तरी आली. पपईच्या रानात भर दुपारी उभं राहणं आता झेपत नसेल. डॉक्टरला दाखवा असं म्हणायला हवं. कोणामार्फत म्हणू?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज खेळताना कन्सोल दोनदा अडकला. बंद करून चालू केला की सुरुवातीला नावं विचारतो. पडद्यावर दोन नावं येतात, 'नवनीत' आणि 'माय'. मी झटकन माझ्या नावावर जातो. दुसरीकडे बघत नाही.

लिहायचं नव्हतं, पण लिहितोच आता.

माय सारंगखेड्याची. तिथल्या घोडेबाजारात लहानपणापासून हजारो घोडे बघितलेले, पण पोरीच्या जातीला घोड्यावर कोण बसू देतंय. एकदा मी खेळत होतो, पडद्यावर घोडा बघून ती लसूण सोलायची थांबली. म्हणाली, "मले बसता येई का यावर?" मी तिला तिच्या नावाने खेळ सुरू करून दिला. पांढरी घोडी घेतली तिने, नाव ठेवलं चांदी. पहिले आठ दिवस घोडी नदीत नाहीतर कुंपणात. मी हसून हसून मेलो. नंतर मात्र माय अशी चालवायला लागली की काय सांगू! त्या खेळात लढाया आहेत, दरोडेखोर आहेत, खजिना आहे. तिने एकाला हात लावला नाही. रोज संध्याकाळी नदीकाठाने घोडी दामटायची, पुलापाशी थांबायची आणि म्हणायची, "बस, वनं सारंगखेडं." आलं म्हणजे आलं, पुढे जायचीच नाही. घोडी तिथेच मोकळी सोडून भाकरी टाकायला उठायची. आप्पा दारात उभे राहून म्हणायचे, "हाई काय लहान पोऱ्यासना खेळ." आत कधी आले नाहीत.

पण त्या खेळात घड्याळ खरं चालतं. घोड्याला रोज चारा-पाणी लागतं. चार दिवस नाही दिलं तर घोडा खंगतो, आठ-दहा दिवसांनी आडवा होतो. माय गेल्यावर मी ते नाव उघडलं नाही. सुतकात कुठलं सुचणार? आणि सुचलं तेव्हा फार उशीर झाला होता. चांदी पुलापाशी मरून पडलेली असणार. ते मला बघायचं नाही. माझ्याने होणार नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

कन्सोल म्हातारा झाला यात आता शंका नाही. सुरू केला तर मायच्या नावाखाली लिहून आलं, 'शेवटचा वापर: आज'. दोनदा वाचलं. मग लक्षात आलं, आतलं घड्याळ बिघडलं असेल. जुन्या यंत्रांचं होतं तसं. तारखा कशाही दाखवतात.

खोकला झालाय. गेल्या रविवारी व्हिडिओ केला नाही. तरी रेवजीने जुन्या व्हिडिओखाली लिहिलं, "खोकला कसा शे? आलं-गूळ खाय." मागच्या व्हिडिओत खोकलो असेन. दोन घास गळ्याखाली उतरत नव्हते, आणि डोंगरावरचा एक अनोळखी पोरगा माझा खोकला विचारतोय. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. घरात ओट्यावर आल्याचा तुकडा नि गूळ ठेवलेला होता, तोच खाल्ला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

ठरलं. नंदुरबारला एक दुकानदार जुना कन्सोल घेऊन पाचव्या पिढीतला देतो, वापरलेला पण चांगला. ६ तारखेला शनिवारी ये म्हणाला. सहाव्याची वाट बघत बसलो तर म्हातारा होईन. लग्नाचंही असंच झालं. पुढचं स्थळ बघू, पुढचं बघू करत चौतीस झालो, आणि आता बघायला येणाऱ्यांनाच पुढचं स्थळ हवं असतं.

देण्याआधी आतलं सगळं पुसून द्यायचं. म्हणजे मायचं नावही. पेनड्राइव्हवर काढून ठेवता येईल, पण काय काढून ठेवू? मेलेली घोडी? गेलेलं माणूस खिशात घेऊन फिरायचं नसतं. पुसलं की सुटलो.

असं लिहिलं खरं.

रविवार, ३० नोव्हेंबर

व्हिडिओत सांगून टाकलं, "मंडई, मी मन्हा जुना कन्सोल शनिवारी दी टाकस. सगळं पुशीसन. नव्याचे नऊ दिवस म्हनतस, तर ते नऊ दिवस आपन बी देखूत." हसत हसत सांगितलं. चांगलं झालं रेकॉर्डिंग.

आज जेवताना आप्पांनी अर्धी भाकरी तशीच सोडली. मी ताटाकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं तोंड किंचित उघडलं. मग हात धुवायला उठले.

बुधवार, ३ डिसेंबर

तीन दिवस झाले, रेवजीची कमेंट नाही. दर तासाला मोबाइल बघतोय. लाज वाटते, पण बघतोय. "नवामा जुनं चालस का?" एवढं तरी विचार ना लेका. तुझ्याशिवाय मला विचारणारं आहे कोण?

गुरुवार, ४ डिसेंबर

दत्तजयंती. ऑफिसातून लवकर निघालो आणि एकटाच सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो. दर्शन घेतलं, मग घोड्यांच्या रांगांतून फिरलो. पांढऱ्या घोड्या खूप होत्या. मालक मालिश करत होते, गळ्यात घुंगरमाळा घालत होते. एकाने विचारलं, "घेनी शे का, भाऊ?" मी नाही म्हणालो. माय असती तर तिने हात लावून बघितलं असतं. गर्दी एवढी होती की पाय ठेवायला जागा नाही, आणि मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. जिलबीसुद्धा घेतली नाही.

दिवेलागणीला घरी आलो. बूट काढतानाच मोबाइल वाजला. रेवजी.

"घोडी कोणले देशी?"

मी ओट्यावरच बसलो. चांदीबद्दल मी एकाही व्हिडिओत बोललेलो नाही. जिवंत माणसाला सांगितलेलं नाही. शीलाला फोन लावला. "तू कोणाला मायच्या घोडीचं सांगितलंस?" ती म्हणाली, "कोनती घोडी? बरा शे ना तू?" तिला माहीतच नाही.

खोलीत गेलो. कन्सोल लावला. दोन नावं आली. मायच्या नावावर गेलो.

चांदी जिवंत आहे.

नुसती जिवंत नाही, अंगाने अशी भरलीय की पाठीवरून पाणी निथळावं. आयाळ विंचरलेली. चाऱ्याचं पोतं गच्च भरलेलं. पुलापाशीच आहे, पण मोकळी नाही. मायने तिला कधी बांधलं नव्हतं. आता ती एका झाडाला दोरीने बांधलेली आहे, दोरी आखूड, पुढ्यात पेंढी, तोंड उगवतीला.

आमच्या गोठ्यात प्रत्येक जनावर असंच बांधतात. उगवतीला तोंड करून, आखूड दोरीने. गावात दुसरं कोणी तसं बांधत नाही. लोक हसतात त्यावरून.

रेवजीची सगळ्यात पहिली कमेंट शोधून काढली. फेब्रुवारीतली. "खेळमाना जनावरले रोज चारा लागस का?" आणि खाली माझं उत्तर. हो भाऊ, रोज लागतो, विसरू नका. वर हसरा चेहरासुद्धा टाकला होता मी.

बाहेर ओसरीत आप्पा खोकले. मी उठून दारापर्यंत गेलो आणि परत आलो. काय म्हणणार होतो? सुरुवात कशी करतात हेच माहीत नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

अर्धी रजा टाकली. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून चालत आलो. फुलीबाई अंगणात भांडी घासत होत्या. त्यांनी मला बघितलं आणि नळ तेवढा बारीक केला.

मी माझ्याच खोलीच्या दारात उभा राहिलो. जिथे आप्पा उभे राहायचे तिथेच.

आप्पा माझ्या पलंगाच्या कडेला बसले होते. चष्मा नाकावर, टोपी मांडीवर. कंट्रोलर दोन्ही हातांत असा धरलेला की कोणी हिसकावून नेईल. पडद्यावर चांदी. पेंढी टाकायचं बटण दाबलं की स्वतःच "हंऽ, खाय" म्हणत होते. दुसरीकडे चुकून बटण लागलं आणि घोडी उधळली, तर "हो हो हो" करत त्यांनी तिला सावरलं. बैलाला करतात तसं. नंतर घोडीला पाण्यावर नेलं. ती पीत होती तोवर ते थांबले, घाई केली नाही.

किती वेळ उभा होतो कोण जाणे. माझ्या पायाखाली फरशी वाजली असेल. त्यांची पाठ ताठ झाली. वळले नाहीत. मला वाटलं आता उठतील, कंट्रोलर ठेवतील, टोपी घालून रानात निघून जातील, आणि परत तेच. ताट सरकवणं.

ते पडद्याकडे बघत बोलले. आवाज बसलेला होता.

"आयकस का वं. तुन्हा आंडोरले सांग, मशीन गरम व्हई ऱ्हायनं. पंखा लाव म्हना."

अकरा महिन्यांनी ऐकलं ते. मी आत गेलो, पलंगाच्या दुसऱ्या कडेला बसलो. मीही पडद्याकडेच बघितलं.

"माय, आप्पाले विचार, हाई खेळाले कोनी शिकाडं."

"सांग त्याले," आप्पा म्हणाले, "तूच शिकाडं. दवाखानातून उनी तवय. तो हापिसमा जाये, आन् आपन दोन्ही दुपारना बठूत. सांग त्याले, तूच सांगेल व्हतं, मुकं जनावर उपाशी ऱ्हावाले नको."

म्हणजे माय दवाखान्यातून घरी आली त्या दिवसांत, दुपारी. मी ऑफिसात असताना. दाराबाहेर उभे राहणारे हे गृहस्थ दुपारी आत बसून मायकडून घोडी चालवायला शिकत होते, आणि मला सांगायची दोघांची छाती नव्हती. मला हसू आलं आणि मग हसता हसता रडलोच मी. आप्पांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिचकावत राहिले. हातातलं बटण सोडलं नाही. घोडी पीतच होती.

जरा वेळाने मी म्हणालो, "माय, आप्पाले सांग, मशीन कोठेच जात नही. दुकानदारले नही सांगी दिसू."

"त्याले विचार, नवं कव्हय येई?"

"सांग, सत्तावीसमा. नहीते अठ्ठावीसमा. पक्कं कोनलेच ठाऊक नही."

"आन् नवामा जुनं चालस का?"

या प्रश्नाला मी इतके महिने आकडे आणि अफवा सांगत आलो. आज म्हणालो, "चालस, आप्पा."

थेट निघून गेलं तोंडातून. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पडद्याकडे बघून विचारलं, पण आता मायला नाही.

"तवपावत चारा पुरी का?"

"पुरी," मी म्हणालो आणि पंखा लावायला उठलो.